पाठीचे व्यायाम: लोखंडी मशिनपासून मोबाईलपर्यंत

मणक्याचं ऑपरेशन झालं की हल्ली काही ठिकाणी औषधांच्या यादीसोबत एखादं ॲपही सुचवतात. फोन समोर उभा करायचा, व्यायाम करायचा, मोजायचं काम ॲपचं. एकदम नवं वाटतं ना? पण व्यायाम करताना पेशंटकडे बघणार कोण, हा प्रश्न बराच जुना आहे.

स्वीडनमध्ये डॉ. गुस्ताव झँडर यांनी १८६५ साली स्टॉकहोमला संस्था काढली. तोपर्यंत तिथे प्रशिक्षित माणूस हाताने पेशंटचे व्यायाम करून घ्यायचा. झँडरनी त्याच्या जागी वजनं आणि तरफा असलेली मशिनं आणली. फोटो शोधून बघाच, कोट घातलेले साहेब त्यावर गंभीर चेहऱ्याने बसलेत! मशिन ठरलेल्या रेषेतच हलायचं, म्हणजे चुकायला जागा कमी. पण ते घरी कसं नेणार?

१९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी दाखवून दिलं की सरकलेली डिस्क नस दाबते, आणि ती काढली की पायात जाणारी कळ थांबू शकते. डिस्कची ऑपरेशनं तिथून रुळली. तरी पाठदुखीवर 'पडून राहा' हाच सल्ला कित्येक वर्षं चालला.

१९५६ मध्ये न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्ये गंमत झाली. रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टचा एक पेशंट डोक्याकडून वर उचललेल्या टेबलावर चुकून पालथा झोपला, पाठ मागे वाकलेली. मॅकेन्झी आले आणि घाबरलेच. पेशंट म्हणाला, बरं वाटतंय! त्यातून पद्धत तयार झाली आणि १९८० मध्ये लोकांनी घरीच वापरायचं पुस्तक आलं. (ऑपरेशन झालेल्यांनी हे आपल्या मनाने करू नये, प्लीज.) पुढे १९८६ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की साध्या पाठदुखीत ७ दिवस झोपण्यापेक्षा २ दिवस पुरतात.

पुस्तक घरी आलं, पण पुस्तकाला डोळे नाहीत. डोळे आले २०१० मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या किनेक्ट कॅमेऱ्यासोबत. तो होता गेमसाठी, पण रिहॅबवाल्यांनी लगेच उचलला. २०२० मध्ये गूगलच्या ब्लेझपोझने हेच काम फोनच्या साध्या कॅमेऱ्यावर आणलं. त्याच वर्षी जर्मनीत डॉक्टर चक्क ॲप लिहून देऊ लागले, खर्च विम्याचा. त्यात पाठदुखीचं विविरा हे ॲपही होतं.

आता माझ्यातला इंजिनिअर बोलतो. ब्लेझपोझ शरीरावर ३३ बिंदू शोधतं. त्यातले ११ चेहऱ्यावर. खांद्यावर २, खुब्यावर २. कण्यावर? एकही नाही! खांदा ते खुबा म्हणजे त्याच्यासाठी एक सरळ रेघ. तुम्ही पाठ ताठ ठेवून खुब्यातून वाकलात काय आणि कंबर गोल करून वाकलात काय, त्याला फरक जवळपास दिसतच नाही. आणि ऑपरेशननंतर सगळा खेळ तर तिथेच असतो. गुडघ्यासाठी हे तंत्र बरं, कारण गुडघ्यावर बिंदू आहे.

म्हणून ॲप डिलीट करू नका. आठवण करणं, मोजणं, दुखणं नोंदवणं यात ते आपल्यापेक्षा चिकाटीचं आहे. फक्त हिरवी टिक आली म्हणजे पाठ बरोबर होती असं धरू नका. सुरुवातीला बाजूने व्हिडिओ काढून आपल्या फिजिओला दाखवा. कुठलं वाकणं कधीपासून चालेल हे सर्जनलाच विचारा, कारण डिस्क काढणं आणि मणके जोडणं यांचे नियम वेगळे. आणि जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद गेली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर फोन बाजूला ठेवा आणि त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.