मोटारीची पन्नाशी



उरणच्या मोरा बंदरांतून सुटलेली लाँच मुंबईस भाऊच्या धक्क्याला लागते. त्या धक्क्यापासून दारूखाना दूर नाहीं. जुनीं जहाजें आणून तोडावयाचीं, हा तेथला ठरलेला उद्योग. जहाजाचें आयुष्य संपलें कीं त्याचें लोखंड होतें, हें मोऱ्याच्या उतारूंस कोणी शिकवावयास नको. मोटारीचें आयुष्य संपलें हें मात्र ठरवावयाचें कोणी? मालकानें, मेकॅनिकनें कीं सरकारनें?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें खासगी मोटारीच्या नोंदणीस पंधरा वर्षांची मुदत घातली. त्यापुढें दर पांच वर्षांनीं गाडी तपासून घ्यावी व नोंदणी नवी करावी. तिचें शुल्क ६०० रुपये होतें, तोंवर हौशी माणसास हें ओझें वाटलें नाहीं. १ एप्रिल २०२२ पासून तें ५,००० रुपये झालें. ऑगस्ट २०२५ मध्यें वीस वर्षांवरील मोटारीस १०,००० आणि परदेशांतून आणलेल्या मोटारीस ८०,००० रुपये ठरले. दरम्यान १३ ऑगस्ट २०२१ रोजीं वाहनें मोडींत काढण्याचें राष्ट्रीय धोरण जाहीर झालें होतें. वय झालें एवढ्याच कारणानें खासगी गाडी मोडा, असें तें धोरण सांगत नाहीं. तपासणींत ती उतरली नाहीं तर सांगतें. दिल्लीच्या परिसरांत मात्र सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवरील बंदी कायम केली. त्या बातमीनें इकडचे हौशी लोकहि धास्तावले, तें उगीच नव्हे.

या सर्वांतून एक वाट सुटली. जुलै २०२१ च्या नियमांनीं प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षें लोटलेल्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांस ‘विंटेज’ म्हणून वेगळें स्थान दिलें. नव्या नोंदणीस २०,००० रुपये, दहा वर्षांनीं पुन्हां ५,००० रुपये. पूर्वींचा नंबर असल्यास तो ठेवतां येतो. अशी गाडी प्रदर्शनास, रॅलीस, संशोधनास किंवा दुरुस्तीस न्यावी, रोजच्या कामास काढूं नये. ही अट मला रास्त वाटते. रविवारीं घटकाभर फिरणाऱ्या गाडीचा धूर आणि दिवसभर राबणाऱ्या टॅक्सीचा धूर एका तराजूंत घालणें हा न्याय नव्हे, हें नियमकर्त्यांनीं ओळखलें.

अडचण आहे ती पंधरा आणि पन्नास यांच्या मधल्या पस्तीस वर्षांची. जुन्या वाहनांची जागतिक संघटना ‘फिव्हा’ तीस वर्षांच्या, नीट राखलेल्या गाडीस ऐतिहासिक मानते. जर्मनींत तीस वर्षांनंतर गाडीस निराळी नंबरपट्टी मिळूं शकते. इंग्लंडांत चाळिशी गांठलेल्या गाडीस वाहनकर माफ आहे. आपल्याकडे पन्नाशीपर्यंत तिला नुसती जुनी गाडी म्हणूनच दिवस काढावे लागतात. संस्थानिकाची रोल्स-रॉईस ते काढते. तिला गराज असतें, नोकर असतो. मग हा काळ कोणास जड जातो?

जड जातो तो आपल्याच कुर्ल्याच्या मोटारीस. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. युद्धापूर्वींपासून त्यांनीं मोटारीच्या कारखान्याचा ध्यास घेतला होता व परकी सरकारनें त्यांस दाद दिली नव्हती. कुर्ल्यास प्रथम अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली, पन्नाशीच्या दशकांत फियाट ११०० आली, आणि १९७४ सालापासून तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ या नांवानें निघूं लागली. डॉक्टर, वकील, लहान व्यापारी यांच्या दारीं ती उभी राहिली. काळापिवळा रंग लावून तिनें मुंबईची टॅक्सी म्हणून चाकरी केली. टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा होती. २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेवास नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. त्या निरोपाचें कौतुक पुष्कळ झालें, परंतु दारूखान्याप्रमाणें भंगाराच्या तराजूवर त्यापूर्वींच किती पद्मिनी चढल्या, याची कोणास आठवण नव्हती.

१९९० सालीं नोंदलेली खासगी पद्मिनी घ्या. विंटेज म्हणवून घेण्यास तिला २०४० साल उजाडावें लागेल. तोंवर २०३० व २०३५ सालीं तपासणी आहे, आजच्या दरानें प्रत्येक वेळीं दहा हजार रुपये आहेत. शिवाय सुटे भाग आहेत. कुर्ल्याच्या जुन्या बाजारांत ते मिळतात ते मोडलेल्या गाड्यांतून. जी गाडी मोडणी-केंद्रांत जाऊन थेट भट्टीचें लोखंड झाली, तिचा दरवाजा कोणाच्या उपयोगीं पडत नाहीं. आणखी एक पेंच आहे. हवा शुद्ध राहावी म्हणून अनेक टॅक्सींत सीएनजीच्या टाक्या बसविण्यांत आल्या. त्यांपैकीं एखादी कोणी हौसेनें जपली, तर तिला मूळ स्वरूपाची मानावी काय? मला विचाराल तर मानावी. तो फेरफारहि या शहराच्याच इतिहासाचा भाग आहे.

उरण-मोऱ्याकडे हें सारें अधिकच कठीण. तेथें मिठागरें आहेत, समुद्राचा वारा आहे. पत्रा वर्षभरांत फुगतो, आणि तपासणीस जाण्यापूर्वीं डेंटरकडे जावें लागतें. फियाटचा कार्बुरेटर किंवा दिवा कुर्ल्याहून पिशवींत घालून लाँचनें मोऱ्यास नेतां येतो. तीस वर्षांच्या गाडीस, वर्षांतून ठराविकच दिवस चालविण्याच्या अटीवर, मधली एक नोंदणी हलक्या शुल्कांत मिळाली, तर तो कार्बुरेटर नेणारी माणसें अजून आहेत.