नोकरींतील वेष आणि न्यायाचा तराजू

चपराशाचा पट्टा किंवा परिचारिकेचा पांढरा पोषाख यांची आपणांस इतकी संवय झालेली आहे कीं, त्यांत कायद्याचा कांहीं प्रश्न असेल असें सहसा मनांत येत नाहीं. परंतु एकाच कचेरींत पुरुषांस एक नियम आणि स्त्रियांस दुसरा लागूं झाला म्हणजे, ही शिस्त कीं भेदभाव, असा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेंतील न्यायालयांनीं १९७९ पासून २००६ पर्यंत त्याचीं जीं उत्तरें दिलीं, तीं आम्हांस मननीय वाटतात.

त्या देशांत १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यानें नोकरींत स्त्रीपुरुषभेद करण्यास मनाई केली. वेषाविषयीं काय समजावयाचें, हें मात्र न्यायाधीशांनाच ठरवावें लागलें. शिकागो येथील टाल्मन नांवाच्या बचतसंस्थेंत स्त्रियांस गणवेष सक्तीचा होता. पुरुषांस रूढ पोषाखांतून हवा तो निवडण्याची मोकळीक होती. स्त्रियांना निवड करूं दिली तर त्या धंद्याचें भान सोडून एकमेकींकडे पाहून नटतील, अशा धर्तीचें संस्थेचें समर्थन होतें. १९७९ मध्यें अपील न्यायालयानें तें फेटाळलें. बरोबरीचें काम करणाऱ्या दोघांपैकीं एकीलाच गणवेष घातला म्हणजे पाहणारास ती कनिष्ठ वाटते, हें त्यानें ओळखलें.

पुढील खटला अ‍ॅन हॉपकिन्स यांचा. प्राइस वॉटरहाऊस या हिशेबतपासनिसांच्या पेढींत १९८२ सालीं भागीदारीसाठीं ८८ नांवें सुचविलीं गेलीं. त्यांत स्त्री अशी या एकट्याच. मोठीं कामें मिळवूनही त्यांची भागीदारी लांबणीवर पडली, आणि उपदेश मिळाला तो चालणें-बोलणें अधिक बायकी करण्याचा, चेहऱ्यास रंग लावण्याचा व दागिने घालण्याचा. स्त्रीनें कसें दिसावें याच्या ठराविक कल्पनांवरून तिची बढती रोखणें हाही भेदभावच होय, असें १९८९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें मानलें.

इतकें झाल्यावर प्रश्न मिटला असें वाटावें. पण तसें झालें नाहीं. नेवाडा संस्थानांतील रेनो शहरीं हॅराज या द्यूतगृहांत सुमारें २० वर्षें मद्य देण्याचें काम केलेल्या एका स्त्रीला २००० सालीं नवा नियम लागू झाला. स्त्रियांनीं पावडर, ओठांचा व पापण्यांचा रंग लावलाच पाहिजे; पुरुषांनीं रंग मुळींच लावूं नये व केस आंखूड ठेवावे. रंगविलेल्या चेहऱ्यानें आपला मान जातो असें तिला वाटे. तिनें नकार दिला, आणि नोकरी गेली. २००६ मध्यें अपील न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांपैकीं ७ जणांनीं मालकाचा पक्ष उचलला. दोन्ही नियमांचा भार सारखा असल्यास भेदभाव होत नाहीं, आणि स्त्रियांवरील भार जड असल्याबद्दल खर्चाचा व वेळेचा पुरावा तिनें दिलेला नाहीं, असें त्यांचें म्हणणें. प्रसाधनास पैसा आणि वेळ लागतो हें उघड असतां पुरावा कशास हवा, असें विरुद्ध मत देणाऱ्यांपैकीं कांहींनीं विचारलें.

आमच्या मतें येथें तराजूच चुकीचा निवडला गेला. पावडरीचा खर्च पैपैशानें मोजतां येईल. परंतु वीस वर्षें काम केलेल्या बाईस, तुझा उघडा चेहरा गिऱ्हाइकापुढें आणण्याजोगा नाहीं, असें सुचविण्यांत जो अपमान आहे तो कोणत्या मापानें मोजावा? १९७९ च्या न्यायालयाला तो मापावांचून दिसला होता. मालकानें स्वच्छता आणि टापटीप अवश्य मागावी. पण नियम कामाकरितां आहे कीं बाईनें बाईसारखें दिसावें म्हणून आहे, हें न्यायाधीशानें आधीं विचारावें. भार मागाहून तोलावा.