ओवींतील वंशावळ

इंग्लंडमधील सामान्य स्त्रीचें कुलवृत्त शोधणें फारसें अवघड नाहीं. तेथें १५३८ पासून चर्चच्या वह्यांत बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद होऊं लागली. १८४१ पासून शिरगणतींत घरांतील माणसांचीं नांवें येऊं लागलीं. मुळशीच्या शेतकरी स्त्रीला असा कागद कोठला? लग्नाबरोबर तिचें नांव पुष्कळदां पालटे. जमीन बहुधा पित्याच्या वा पतीच्या नांवें असे. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ सालीं सत्याग्रह झाला. सेनापति बापटांचें नांव इतिहासांत राहिलें. गांवें मात्र पाण्याखालीं गेलीं.

तथापि या स्त्रियांनीं आपली नोंद जात्यावर ठेविली होती. पहाटेच्या ओव्यांत माहेरचें गांव, भावाचें नांव, सासुरवास, लेकीची पाठवणी हें सारें येतें. हेमा राईरकर व गी पॉइत्व्हाँ यांनीं अशा लाखावर ओव्या जमविल्या. त्यांत मुळशीच्या स्त्रियांच्याहि पुष्कळ आहेत. ओवीला तारीख नसते, आणि एकीची ओवी दुसरी आपली म्हणून गाते. म्हणून तींतून एकीचें नव्हे, पिढ्यांचें चरित्र हातीं लागतें. गिरणी आल्यापासून जातें मुकें झालें आहे. ज्या घरांत ओव्या जाणणारी आजी आहे, तेथें तिला आजच विचारावें. ही वही दुसऱ्या कोणत्याहि दप्तरांत मिळावयाची नाहीं.