हँग आउट म्हणजे उंडारणे नव्हे!

मंडळी, "आय ॲम हँगिंग आउट विथ माय फ्रेंड्स" असे मुलाने फोनवर सांगितले की आपल्या मनात पहिला शब्द येतो "उंडारणे", आणि मग घरात ठिणगी पडते. खरे तर 'हँग आउट'मध्ये दोषाचा लवलेश नाही. मित्रांबरोबर निवांत वेळ घालवणे, एवढाच अर्थ. आपल्या कट्ट्यावर बसण्याच्या जवळचा. उंडारण्याला इंग्रजीत 'गॅड अबाउट' आहे, पण ते आता जुनाट वाटते.

अशा क्रियापदांची किल्ली म्हणजे मागे लागणारे 'अराउंड' किंवा ब्रिटनमधले 'अबाउट'. मराठीत जे काम "नुसते" आणि "उगाच" करतात, तेच हे करते. 'सिट' म्हणजे बसणे, 'सिट अराउंड' म्हणजे नुसते बसून राहणे. 'वेट' म्हणजे वाट पाहणे, पण 'वेट अराउंड' म्हणजे ताटकळणे. त्यामुळे डॉक्टरांकडे "आय वेटेड अराउंड फॉर ॲन अवर" म्हटले तर ती तक्रार होते. तक्रार करायची नसेल तर साधे 'वेटेड' पुरे. याउलट "स्टिक अराउंड" हा आग्रह आहे: थांबा हो, जाऊ नका!

सर्वात जपून वापरायचे ते 'हँग अराउंड'. 'आउट'च्या जागी 'अराउंड' आले आणि पुढे मित्रांऐवजी जागा आली, की संशयाची छटा येते. भारतातून आलेले आजोबा नातवाला आणायला शाळेपाशी लवकर पोचले आणि कोणी विचारले, तर "आय ॲम हँगिंग अराउंड" म्हणू नये. "आय ॲम वेटिंग फॉर माय ग्रँडसन" म्हणावे, म्हणजे प्रश्नच मिटतो. कारण विनाकारण रेंगाळण्याला अमेरिकेत कायद्याचा शब्द आहे, 'लॉइटरिंग', आणि "नो लॉइटरिंग" अशा पाट्या दुकानांबाहेर दिसतात. शिकागोने १९९२ साली गुंडांच्या टोळ्यांविरुद्ध नियम केला, त्यात दिसेल असे काही कारण नसताना एका जागी थांबणे अशी लॉइटरिंगची व्याख्या होती. १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो नियम संदिग्ध म्हणून रद्द केला. (अशी व्याख्या आपल्या नाक्यांवर लावली असती तर निम्मे गाव आत गेले असते!) तरी खाजगी जागेचा मालक निघून जा म्हणू शकतो, हे आईबाबांना आधीच सांगून ठेवावे.

'मिल अराउंड' फक्त घोळक्यासाठी. गणपतीच्या कार्यक्रमात मध्यंतरात चहाच्या टेबलाभोवती लोक घुटमळतात, ते हेच. एकटा माणूस 'मिल अराउंड' करत नाही.

आमचे आवडते मात्र 'पटर अराउंड', ब्रिटनमध्ये 'पॉटर अबाउट'. रविवारी घरात किंवा बागेत खुडबुड करत बसणे! निवृत्त मंडळींनी "व्हॉट डू यू डू ऑल डे?" या प्रश्नाला हे बिनदिक्कत उत्तर द्यावे.

'फूल अराउंड' आणि 'मेस अराउंड' ही लहान मुलांच्या बाबतीत टिवल्याबावल्या. मोठ्या, त्यातही लग्न झालेल्या माणसाबद्दल म्हटले तर ऐकणारा भलतेच प्रकरण समजतो, तेव्हा ऑफिसात सहकाऱ्याच्या कामचुकारपणाबद्दल बोलताना 'गूफिंग ऑफ' म्हणावे.

आणि लंडनच्या नातेवाइकांनी बोलता बोलता मध्येच "हँग अबाउट!" म्हटले तर गोंधळू नका. "थांब थांब, काय म्हणालास?" एवढेच ते विचारत असतात.