सूड आणि शासन : चापेकर प्रकरणाचा पुनर्विचार

सूडकथेचे आकर्षण सर्व देशांतील वाङ्मयात आढळते. पण जपानात तिला राष्ट्रीय आख्यानाची प्रतिष्ठा लाभली. आपल्या धन्याच्या अंतास कारण झालेल्या दरबारी अधिकाऱ्याचा त्याच्या निराधार झालेल्या सामुराईंनी १७०३ साली वध केला. राज्यसत्तेने त्यांना देहान्त शासन दिले, लोकांनी मात्र त्यांना पूज्य मानले. १८७३ साली कायद्याने सूडहत्या बंद झाली, तरी रंगभूमीवरून व पुढे चित्रपटांतून ती कथा जिवंतच राहिली. अकिरा कुरोसावा यांनी तर १९६० साली पित्याच्या मृत्यूचा सूड हा विषय आधुनिक महामंडळाच्या कचेरीत नेऊन बसविला.

मराठीत या जातीची चाकोरीबाहेरची कृती शोधू गेल्यास जयू आणि नचिकेत पटवर्धन यांचा १९७९ सालचा ‘२२ जून १८९७’ हा चित्रपट समोर येतो. त्याला नाव नायकाचे नाही, तारखेचे आहे. हत्येपूर्वीचा काळ, प्रत्यक्ष हत्या आणि तिचे परिणाम असे तिन्ही भाग त्यात आले आहेत. या तिसऱ्या भागाकडेच आपले सहसा दुर्लक्ष होते.

पहिला भाग सर्वपरिचित आहे. १८९७ च्या प्लेगात पुण्यातील घरझडत्यांचा कारभार रँडकडे आला. गोऱ्या शिपायांनी घरांत व देवघरांत शिरून जो उच्छाद मांडला, त्याने सारे शहर संतापले. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर ‘गोंद्या आला रे आला’ ही खुणेची हाक उठली आणि दामोदर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. ३ जुलै रोजी रँड मरण पावला. बाळकृष्णांच्या गोळीने लेफ्टनंट आयर्स्ट मात्र जागीच ठार झाला. झडत्यांच्या धोरणाचा कर्ता तो नव्हता. क्रोधाचे शस्त्र ठरलेल्या लक्ष्यापाशीच थांबेल, अशी शाश्वती कोणालाच देता येत नाही.

दामोदरपंतांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी झाली. बाळकृष्ण निजामाच्या मुलखात लपून राहिले होते. आम्हां हैदराबादेतील मराठी जनांचा या प्रकरणाशी एवढा धागा आहे. यानंतर दुसरी हत्या घडली. चापेकरांविषयी पोलिसांना माहिती देणाऱ्या द्रविड बंधूंना, ८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री, पोलिसांचे बोलावणे असल्याचे सांगून घराबाहेर आणण्यात आले आणि वासुदेव चापेकर व महादेव रानडे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. मे महिन्यात वासुदेव, रानडे आणि बाळकृष्ण यांना चार दिवसांत फाशी देण्यात आली. एकाच घरातील तीन भाऊ तेरा महिन्यांच्या आत फासावर गेले.

या दोन हत्या एका जातीच्या नव्हेत. पहिलीच्या मुळाशी सार्वजनिक अन्यायाची जाणीव होती. ज्या सत्तेपाशी दाद मागायची तीच अन्याय करीत होती. दुसरीच्या मुळाशी फासावर गेलेला भाऊ होता, आणि मारले गेले ते पुण्यातीलच दोन मराठी गृहस्थ. वासुदेवाने देशद्रोहाला शासन केले असे म्हणता येईल. पण भ्रातृवियोग त्यातून वजा करता येणार नाही. पहिल्या कृत्याला नुसता सूड म्हणणे जसे अन्यायाचे, तसेच दुसऱ्याला निव्वळ देशकार्य म्हणणे अपुरे होय.

शालेय इतिहासाच्या तासाला आपण बहुधा गणेशखिंडीपाशी थांबतो आणि एकदम फाशीकडे वळतो. मुलांच्या मनात आदर राहावा हा त्यामागील हेतू चांगला आहे. परंतु द्रविडांचे दार वगळून सांगितलेल्या इतिहासात चापेकर बंधू मूर्ती होऊन राहतात, माणसे राहत नाहीत. वासुदेवाचे विशीच्याही आतले वय, थोरल्या भावाचा मृत्यू आणि समोर उभे असलेले आपल्याच शहरातले शत्रू, हे सारे सांगितले तर विद्यार्थ्यांचा आदर उणावणार नाही. परकीय सत्ता केवळ कर व कायदे लादून थांबत नाही, शेजाऱ्याला शेजाऱ्याचा वैरी बनविते, हे त्यांना त्यातूनच उमगेल. तो धडा वगळण्याचा अधिकार शिक्षकाला नाही.