१७ सप्टेंबर आणि आमचा किल्ला

देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, पण मराठवाडा निजामाच्याच राज्यात राहिला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोक लढले, अन् आपली सुटका झाली १३ महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९४८ ला. त्यानंतर दौलताबादच्या किल्ल्यात भारतमातेची मूर्ती बसली. मी कायम बघतो, पर्यटक मेंढा तोफेजवळ फोटो काढतात, अंधारीत ओरडतात अन् जातात. ही गोष्ट त्यांना सांगतो कोण? मुक्तिदिनाला शहरात सिद्धार्थ उद्यानात झेंडावंदन होतं, मग सगळे घरी. अहो, सप्टेंबरात किल्ला हिरवागार असतो, सीताफळाचा हंगामही तोंडावर असतो! पुण्या-मुंबईच्या लोकांना त्या दिवशी इकडे बोलवा. माहिती सांगायला गावातली पोरं उभी करा, चहावाल्यांचाही धंदा होईल.