नावं ठेवण्याचा खेळ

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला. गोष्टीतलं पात्र होऊन टेबलाभोवती खेळायचा खेळ. पुढच्याच वर्षी केन सेंट आंद्रेने 'टनेल्स अँड ट्रोल्स' काढला. त्याचं म्हणणं सरळ होतं: कल्पना झकास, पण नियम डोक्यावरून जातात. म्हणून त्याने साधे सहा बाजूंचे फासेच ठेवले. नाशिकच्या मेनरोडवर लुडोचा फासा कुठेही मिळतो, वीस बाजूंचा मला ऑनलाइन मागवावा लागला. त्यामुळे ही टीका मला तरी पटते.

गायगॅक्सने १९७८ मध्ये 'द ड्रॅगन' मासिकात नकला करणाऱ्यांना आणि 'वास्तववादी' नियमांच्या हौशींना झोडपलं. कंपनी त्यानेच उभारलेली, मासिकही कंपनीचंच!

पायझो कंपनीची २००९ मधली चाल मात्र वेगळी. 'डंजन्स'ची चौथी आवृत्ती आली आणि आपली कपाटभर जुनी पुस्तकं आता रद्दीत जाणार, म्हणून खेळाडू धास्तावले. पायझोने जुन्या साडेतीनव्या आवृत्तीच्या खुल्या नियमांवर 'पाथफाइंडर' छापला (आम्ही प्रोग्रामर याला फोर्क म्हणतो) आणि जाहिरात केली, की साडेतीन अजून जोमात आहे. म्हणजे स्पर्धकाला नावं ठेवली, ती त्याच्याच जुन्या मालाचं कौतुक करून. आमचा ग्रुप अजून तोच खेळतो.